मदत हवी आहे: फुर्का–ग्रिम्सेल–सुस्टेन, आधी कुठला घाट?

स्वित्झर्लंडमधला तीन घाटांचा गोल फेरा सायकलवर, सामानासकट दोन दिवसांत करायचा आहे. सुरुवात आणि शेवट आंडरमाटला (१४३७ मीटर), मुक्काम इनर्टकिर्खेनला (६२५ मीटर). दिशा काही केल्या ठरत नाहीये.

फुर्का (२४२९ मी.) आधी घेतला तर पहिल्या दिवशी फुर्का आणि ग्रिम्सेल मिळून साधारण १४०० मीटर चढ. दुसऱ्या दिवशी मात्र सुस्टेनचा (२२२४ मी.) सलग १६०० मीटरचा चढ, आणि वासेनला उतरल्यावर शोलेनेन घळीतून पुन्हा ५०० मीटर वर, आंडरमाटला. उलट गेलो तर शेवट फुर्क्यावर होतो आणि घळ पहिल्याच सकाळी उतारावर निघून जाते. बेरीज दोन्हीकडून सारखीच, म्हणून कागदावर निकाल लागत नाही.

सायकल स्टीलची, रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर पॅड दाबणारे), सर्वांत हलका गिअर ३०-३४ (पुढे ३०, मागे ३४ दाते), मागे दोन पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूच्या पिशव्या) मिळून १४ किलो. एवढ्याच ओझ्याने १२०० मीटरचा घाट चढून पाहिलाय, पाय टिकले. उतरताना मात्र थांबून रिमला बोट लावलं तर चटका बसला. नवे पॅड बसवलेत, दोन्ही ब्रेक आलटूनपालटून दाबायची सवयही केली आहे. डिस्क ब्रेकची सायकल घेणं शक्य नाही. तंबू सोबत हवाच, त्यामुळे वजन फारसं कमी होणार नाही. जायचं सप्टेंबरच्या सुरुवातीला, आठवड्याच्या मधल्या दिवशी.

सामान लादून हा फेरा केलेल्यांनी कृपया सांगा: रिम ब्रेकवर इनर्टकिर्खेनकडे उतरायला ग्रिम्सेलची बाजू बरी की सुस्टेनची? आणि दमलेल्या पायांनी, संध्याकाळच्या रहदारीत शोलेनेन चढणं कितपत सुरक्षित आहे?