कार्डाचं कर्ज आणि रोजचा खर्च: तुम्ही कसं सावरलंत? (अनुभव धागा)

मंडळी, गेल्या महिन्यात आमच्या पतसंस्थेच्या कर्जाचा शेवटचा हप्ता कापला गेला आणि त्या रात्री मला खरंच शांत झोप लागली, म्हणून आता लिहायचं धाडस करतेय. कार्डाचं कर्ज झालंय हे जवळच्या कुणाशी बोलता येत नाही, माहेरी तर नाहीच नाही, आणि म्हणूनच ते वाढत जातं असं माझं ठाम मत झालंय. तेव्हा ज्यांनी यातून वाट काढलीय किंवा अजून काढताहेत त्यांनी लिहा, आकड्यांसकट लिहा. सुरुवात मी करते.

तीन कार्डं मिळून 2 लाख 40 हजार. मोठी वस्तू एकही नाही हो, ना टीव्ही ना सोनं ना ट्रिप. वर्षभराची स्टेटमेंटं काढून एकेक ओळ वहीत उतरवली तेव्हा दिसलं की सगळ्या 300-400 च्याच ओळी आहेत, ऑफिसातून दमून आल्यावर मागवलेलं जेवण, दहा मिनिटांत येणारी कोथिंबीर आणि तिच्यासोबत डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून घेतलेल्या चार वस्तू, रिक्षा, मुलाच्या शाळेतलं काहीबाही. आणि मी 14 महिने फक्त मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) भरत होते आणि मला वाटायचं आपण बिल भरतोय.

हिशोब बघा. एका कार्डावर 1 लाख थकलेले. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे 3500, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी 630, झाले 4130. मिनिमम ड्यू 5 टक्के म्हणजे 5000. म्हणजे 5000 भरून मुद्दल कमी झालं फक्त 870! शिवाय मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला ते 45-50 दिवस बिनव्याजी मिळतच नाहीत, घेतल्या दिवसापासून व्याज चालू होतं, आणि मी त्याच कार्डावर किराणा भरत होते. डाळ-तांदळावर वर्षाला 42 टक्के व्याज!

शेवटी यांना सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच कॅल्क्युलेटर घेऊन बसले. त्यांच्या ऑफिसच्या पतसंस्थेतून 11 टक्क्यांनी 2 लाख उचलले, माझी भिशी लागली तिचे 40 हजार, आणि एका दिवसात तिन्ही कार्डं शून्य केली, दोन बंदच करून टाकली. मग दोन वर्षं महिना 9300 च्या आसपास पगारातून जात होते, ओढाताण झाली पण आकडा दर महिन्याला खाली येताना दिसत होता.

* * *

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलं. माझं उलट आहे, माझ्या सगळ्या मोठ्याच वस्तू. पगार 38 हजार आणि मोबाइल, एसी, लॅपटॉप, बायकोचा मिक्सर-ओव्हन असे चार नो कॉस्ट ईएमआय, मिळून 14 हजार एक तारखेलाच गेलेले. नो कॉस्ट म्हणजे काय तर व्याजाइतकी सूट आधी दाखवतात, बँक व्याज लावतेच आणि त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्यालाच पडते. पण खरा तोटा तो नाहीच, खरा तोटा हा की 48 हजाराचा फोन आपल्याला 4 हजाराचा वाटायला लागतो.

मी एवढंच केलं, नवीन काही घ्यायचं नाही आणि जो हप्ता संपेल त्याची रक्कम त्याच दिवशी आरडीला (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव) लावायची. मोबाइलचा संपला, ते 4 हजार आरडीत. आता वॉशिंग मशीन घ्यायचंय, आरडी पिकली की रोख घेणार. अजून एक, कार्डाच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ऑनलाइन व्यवहार बंद करता येतात, मी ते बंदच ठेवतो, लागलं तर चालू करायचं, त्या दोन मिनिटांत निम्म्या वेळा इच्छा जाते.

* * *

नागपूरहून. कुणी सेटलमेंटचा (थोडी रक्कम भरून कर्ज मिटवण्याचा) विचार करत असेल तर आधी हे वाचा प्लीज. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली, कार्डावर 1 लाख 75 हजार. वसुलीवाल्यांचे फोन रात्री दहाला यायचे, आईला पण करायचे. मग एकाने सांगितलं 70 हजारात मिटवून टाकू. मी मावशीकडून घेऊन भरले, वाटलं सुटलो. 2023 मध्ये घरासाठी कर्ज मागायला गेलो तर सिबिल रिपोर्टमध्ये (आपण कर्जं कशी फेडली त्याची नोंद) ‘सेटल्ड’, फाइल परत! ‘सेटल्ड’ म्हणजे ‘क्लोज्ड’, म्हणजे पूर्ण फिटलेलं, नसतं हे तेव्हा कळलं. शेवटी उरलेली रक्कम बँकेशी बोलून भरली, नो ड्यूजचं पत्र घेतलं, रिपोर्ट दुरुस्त करून घेतला, त्यात सात महिने गेले. सिबिलचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढून बघाच.

आणि फोनवाल्यांना घाबरू नका. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा स्पष्ट नियम आहे. वेळा लिहून ठेवा, बँकेच्या तक्रार विभागाला मेल करा, 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. मी नुसता मेल केला त्यात नियम लिहिला, रात्रीचे फोन थांबले.

* * *

मी निवृत्त शिक्षक, कोल्हापूर. कर्ज माझं नव्हे, धाकट्या चिरंजीवांचं. कळल्यावर मी एफडी मोडून 90 हजार भरले. बापाचं काळीज, दुसरं काय करणार. आठ महिन्यांत पुन्हा 60 हजार झाले. त्या वेळी मात्र भरले नाहीत आणि हिच्या डोळ्यांत पाणी आलं तरी भरले नाहीत. त्याऐवजी दर रविवारी सकाळी चहा झाला की तो आणि मी आठवड्याचा खर्च लिहायला बसू लागलो. मी एकदाही बोललो नाही की हे कशाला घेतलंस, फक्त लिहायचं. चौथ्या-पाचव्या रविवारी तोच म्हणाला, बाबा, हे तीन नको होते. दीड वर्षात त्याने स्वतः फेडले. आई-वडिलांनी पहिल्या फटक्यात पैसे देऊ नयेत असं मी आता सगळ्यांना सांगतो. पटणार नाही काहींना, पण मी दोन्ही करून पाहिलंय.

* * *

काका, फार पटलं. मी न्यू जर्सीत असते, इथे शून्य टक्के बॅलन्स ट्रान्सफर (एका कार्डाची बाकी दुसऱ्या कार्डावर नेणं) मिळतं, मी 15 महिन्यांचं घेतलं, 3 टक्के फी भरून, आणि रकमेला 15 ने भागून तेवढे दर महिन्याला ऑटोपे लावले. मात्र दुकानांच्या कार्डांवर ‘अमुक महिने व्याज नाही’ असतं ते वेगळं, मुदतीत थोडे जरी राहिले तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज लावू शकतात, बारीक अक्षरं वाचा.

* * *

सगळं वाचून रडू आलं. मी आत्ता यात आहे. एका कार्डावर 1 लाख 10 हजार, दुसऱ्यावर 32 हजार, दोन्हीचं व्याज जवळपास सारखं. मागच्या महिन्यात एकाचं भरायला दुसऱ्यातून एटीएमने रोख काढली, त्याला फी वेगळी आणि काढल्या दिवसापासून व्याज. घरी बोललो नाहीये. आधी कुठलं भरू? आणि पगार 1 ला होतो, बिलाची शेवटची तारीख 27, तोपर्यंत हातात काही उरत नाही, त्याचं काय करू?

* * *

दादा, रोख काढणं आजपासून बंद, काहीही झालं तरी. व्याज सारखंच असेल तर 32 वालं आधी संपवा, मोठ्यावर तोवर मिनिमम चुकवू नका म्हणजे लेट फी लागत नाही. घरखर्च दोन्ही कार्डांवरून काढून टाका, डेबिट किंवा रोख. तुमच्या किंवा वहिनींच्या ऑफिसात पतसंस्था आहे का? असेल तर आजच चौकशी करा, आणि त्यासाठी घरी सांगावंच लागेल, जामीनदाराची सही लागते.

तारखेचं सोपं आहे, बिलिंग सायकल (बिल बनायची तारीख) निदान एकदा तरी बदलून द्यावी लागते असा नियम आहे. कस्टमर केअरला फोन करा किंवा अ‍ॅपमध्ये बघा. माझं स्टेटमेंट आता 16 ला बनतं आणि भरायची तारीख 5 येते, पगार झाला की त्याच दिवशी भरून मोकळी होते.