नाशिक : नऊ शिखरं की नासिका?

नाशिक हे नाव 'नवशिख' म्हणजे नऊ शिखरं यावरून आलं, असं सांगितलं जातं. नऊ टेकड्यांची कथा मलाही प्रिय आहे, पण पटत नाही. नाशिकजवळच्या पांडवलेण्यातल्या १८ नंबरच्या चैत्याच्या (बौद्ध प्रार्थनागृहाच्या) दारावर प्राकृतात 'नासिककानं धंभिकगामस दानं', म्हणजे नासिककरांच्या धंभिक गावाचं दान, असं कोरलंय. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच नाव 'नासिक' होतं! 'नवशिख'मधला 'व' गेला कुठे, 'ख'चा 'क' कसा झाला? प्राकृतात 'ख'चा सहसा 'ह' होतो (मुख–मुह). शूर्पणखेची गोष्ट खरी माना-न माना, शब्द 'नासिका'च जवळचा.

मला खरं अप्रूप गोवर्धनचं. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात, त्याच्या पांडवलेण्यातल्या लेखात 'गोवर्धने त्रिरश्मिषु पर्वतेषु' (गोवर्धनात, त्रिरश्मी डोंगरावर) येतं, आणि गंगापूरजवळ गोवर्धन गाव आजही आहे. मुघलांनी नाशिकला दिलेलं 'गुलशनाबाद' हे नाव मात्र पुसलं गेलं.