१८ पूर्ण होतायत, शाळा सुटणार. मुलाच्या कामाचं कसं करावं? (ठाणे)

कोपरीची आई
मुलगा १७ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. मे महिन्यात १८ पूर्ण होतील. पुढची सोय बघा, असं शाळेने आत्ताच सांगितलंय. वीसपर्यंत आकडे ओळखतो, पैशांचा हिशोब जमत नाही. पण चादरीची घडी घालताना काठाला काठ जुळलाच पाहिजे, नाहीतर उलगडून पुन्हा घालतो. नातेवाईक म्हणतात, घरीच राहू दे. माझं मन मानत नाही. या वाटेने कोणी गेलंय का?

नौपाड्याचे बाबा
ताई, शाळा आहे तोवरच कामाची ओळख करून द्या. आम्ही उशीर केला. शाळा संपल्यावर लेकीला मेणबत्त्यांच्या वर्गात घातलं आणि दोन वर्षं गेली. मेणाच्या वासाने तिला मळमळायचं, हे आमच्या लक्षातच आलं नाही.

आता ती रबाळे एमआयडीसीत पॅकिंगला जाते, चार तास. नोकरी ठरण्याआधी आठवडाभर नुसतं काम करून पाहिलं, तिच्या बाई शेजारी उभ्या होत्या. मोजताना ती गडबडायची, म्हणून बाईंनी दहा खाचांचा पुठ्ठा केला. खाचा भरल्या की खोकं बंद. आता शेजारच्या टेबलावरही तसाच पुठ्ठा आहे.

प्रवासाला कामाइतकाच वेळ द्या. तुम्हाला ठाणे स्टेशनचा नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्म जवळ, रबाळ्याची लोकल तिथूनच सुटते. आम्ही आधी तिच्या शेजारी बसायचो, मग त्याच डब्यात लांब. ती दुसऱ्या स्टेशनला उतरायचं, असं मोजून उतरायची. जानेवारी २०२४ मध्ये ठाणे आणि ऐरोलीच्या मधे दिघा गाव स्टेशन सुरू झालं आणि ती ऐरोलीलाच उतरली. तासभर आमच्या जिवात जीव नव्हता. आता रबाळ्याच्या पाटीचा फोटो फोनमध्ये ठेवलाय, तो ताडून बघते आणि उतरते.

वाशीची विशेष शिक्षिका
घडीचं वाचून बरं वाटलं. हॉटेल आणि हॉस्पिटलच्या लाँड्रीत नेमकं हेच काम असतं, तिथे आधी विचारा. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी हे दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे चौकशी करा. चुनाभट्टीला एटीआय (आता एनएसटीआय) या सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या आवारात दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे, तिथेही एकदा जाऊन या.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर लगेच अर्ज करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, पण त्यातला १ टक्काच बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न, मानसिक आजार असलेले अशा सगळ्यांत मिळून आहे. त्यावर विसंबून थांबू नका. १८ नंतर कायदेशीर पालकत्व लागलं, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो.

आणि पगार त्याच्याच नावाच्या खात्यात. ‘शिकतोय ना’ म्हणत महिनोन्महिने फुकट राबवून घेणारेही भेटतात, तिथून सरळ उठून या.

कोपरीची आई
दोघांचे मनापासून आभार. रविवारी गर्दी कमी असते, त्याला रबाळ्यापर्यंत नेऊन आणते. दादा, त्या पुठ्ठ्याचा फोटो टाकाल का? खाचा किती रुंद ठेवल्यात?