जुन्या साउंड बॉक्समधून गिटारसाठी स्पीकर कॅबिनेट करता येईल का?

सिंदेवाहीकर

नमस्कार मंडळी. आमच्या मोठ्या बाबांचे गावात बिछायत केंद्र होते. ते बंद झाल्यापासून लग्नात वाजणारे सामान धानाच्या पोत्यांमागे पडून आहे. त्यात बारा इंची स्पीकरचे दोन साउंड बॉक्स आहेत, चार लहान स्पीकरचा एक उभा कॉलम आहे आणि दोन भोंगे आहेत. माझ्याजवळ १५ वॅटचा ट्रान्झिस्टरवर चालणारा गिटार अ‍ॅम्प्लिफायर आहे. त्याचा आठ इंची स्पीकर मागच्या पावसाळ्यात फाटला, अ‍ॅम्प्लिफायर मात्र धडधाकट आहे. फाटलेल्या स्पीकरवर ४ ओहम असे छापलेले आहे.

काल एक बॉक्स उघडला. पुढच्या बाजूला हवेसाठी ठेवलेल्या भोकात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते आणि त्याचे खडे आत सांडलेले होते. स्पीकरचा कोन (हलणारा पडदा) कागदी आहे आणि कुठेही फाटलेला नाही. चुंबकावर ८ ओहम लिहिले आहे, पण मल्टिमीटर ६.३ दाखवतो. त्यामुळे स्पीकर खराब झाला आहे की काय, अशी शंका येते. पेटी लाकडी भुसा दाबून केलेल्या फळीची असल्याने ओल लागून खालून फुगली आहे, म्हणून पेटी नवीन करावी लागेल. आमचे सुतारकाका पाडलेल्या घराच्या सागवानी फळ्या वापरण्याचा आग्रह धरत आहेत. हा स्पीकर गिटारला चालेल का, पेटीची मागची बाजू बंद ठेवावी की उघडी, आणि भोंग्यांचा काही उपयोग होईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वडशाचा साउंडवाला

भाऊ, आधी शंकेचे निरसन करतो. मल्टिमीटर केवळ तारेचा रोध मोजतो, तर स्पीकरवर लिहिलेला आकडा आवाज चालू असताना अ‍ॅम्प्लिफायरला जाणवणाऱ्या एकूण अडथळ्याचा असतो. त्यामुळे ८ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साधारण ६ ते ७ दाखवतो. तुमचा ६.३ हा आकडा अगदी योग्य आहे. आता स्पीकर उताणा ठेवा, मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना बोटे टेकवून कोन हलकेच सरळ खाली दाबा आणि कान जवळ न्या. खरखर ऐकू आली नाही, तर व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनाला चिकटलेले तारेचे वेटोळे, मोकळी आहे. मातीचे खडे मात्र आधी मऊ ब्रशने काढा आणि त्यासाठी ओले फडके वापरू नका, कारण कागदी कोन भिजला की लोळागोळा होतो.

हा स्पीकर गिटारला चालेलच, उलट तो घरच्या स्टिरिओच्या स्पीकरपेक्षा अधिक शोभेल. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सुमारे ८२ हर्ट्झवर असतो आणि गिटारचे स्पीकर ५,००० हर्ट्झच्या आसपास आवाज सोडून देतात. एवढाच पल्ला हवा असल्याने हलका कागदी कोन आणि घड्या घातलेली कडक कड हीच या कामाची खरी जात आहे. बॉक्समध्ये ट्विटर, म्हणजे उंच सुरांचा लहान स्पीकर, असेल तर त्याची तार काढून ठेवा, नाहीतर डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाटका केलेला आवाज) लावताच भुंगा कानात शिरल्यासारखे वाटेल. भोंगे भजनासाठी ठेवा. त्यांचे युनिट खालच्या सुरांसाठी केलेलेच नसते आणि जाड तारेच्या दणक्याने त्याचा पडदा फाटू शकतो.

४ ओहमच्या जागी ८ ओहम लावल्याने ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरला धोका नाही. फक्त १५ वॅटऐवजी साधारण निम्मे वॅट बाहेर पडतील, म्हणजे आवाज ३ डेसिबलने उतरेल. तेवढे तर मोठ्या आणि कडक कोनाचा हा स्पीकर तुमच्या जुन्या आठ इंचीच्या तुलनेत सहज भरून काढेल. दोन्ही बॉक्सचे स्पीकर समांतर जोडले, तर बरोबर ४ ओहम होतात, हेही लक्षात ठेवा.

आर्वीचा वाचक

वरील उत्तराशी बव्हंशी सहमत आहे. स्टिरिओच्या स्पीकरबद्दल माझा अनुभव जोडतो. एका भंगाराच्या दुकानातून मी घरगुती स्टिरिओचा दहा इंची वूफर आणला होता आणि तो दिसायला नवाकोरा होता. पेटी बांधली, रंग दिला, आणि पहिल्याच संध्याकाळी त्याची स्पंजाची कड पापडासारखी तुटून हातात आली. स्पंज वर्षानुवर्षे आमच्याकडच्या उन्हाळ्यात पडून राहिला की त्याचा भुगा होतो. पण कड शाबूत असताना वाजला तेवढ्या वेळातही तो उशीखाली रेडिओ ठेवल्यासारखाच वाजत होता. असे स्पीकर एका वॅटला ८६ ते ८८ डेसिबल देतात आणि गिटारचे ९७ ते १०० देतात. हा दहा डेसिबलचा फरक भरून काढायचा तर दहापट वॅट लागतात.

लाकडाबाबत मात्र मी सुतारकाकांच्या विरोधात आहे. कॅबिनेटसाठी १८ मिलिमीटरचा चांगला प्लाय घ्यावा. त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे चैत्रातली होरपळ आणि श्रावणातली ओल या दोन्हींत तो जागचा हलत नाही.

वडशाचा साउंडवाला

काका, इथे मी सुतारकाकांच्या बाजूने उभा राहतो. फेंडर कंपनीचे १९५० च्या दशकातले अ‍ॅम्प्लिफायर पाइनच्या सलग फळ्यांचेच होते आणि ते आजही लोक जपतात. घराच्या छपराखाली दोन पिढ्या वाळलेले सागवान तर त्याहून भरवशाचे आहे. माझा आक्षेप एवढाच की ते जड असते आणि उचलणाऱ्याची पाठ मोडते. मध्यम मार्ग असा की चार बाजू सागवानाच्या कराव्यात आणि स्पीकर बसतो ती पुढची फळी तेवढी प्लायची घ्यावी. गोल भोक सुमारे २८० मिलिमीटरचे येते, पण आपला स्पीकर उलटा ठेवून, मोजूनच कापावे.

बाहेरून ५० सेंटिमीटर रुंद, ४५ उंच आणि २८ खोल पेटी केली, तर आत पंचेचाळीस लिटरच्या आसपास जागा मिळते आणि एका बारा इंचीला ती पुरते. मागची बाजू पूर्ण बंद केली की खर्ज घट्ट येतो. मार्शल कंपनीच्या चार स्पीकरच्या पेट्या तशाच असतात. मागे उघडी ठेवली की कोनाच्या पाठीमागचा आवाज पुढच्या आवाजाला उलटा येऊन भेटतो, खर्ज काहीसा खाल्ला जातो आणि सूर खोलीभर पसरतो. व्हॉक्स कंपनीच्या एसी-३० या अ‍ॅम्प्लिफायरची रचना अशी आहे. मी दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांना साउंड देतो. तिथे मागे ऑर्गन आणि तबला घेऊन बसलेल्यांनाही गिटार ऐकू यावी, म्हणून मला मधली पट्टी उघडी असलेली पेटी बरी वाटते. तुम्ही मागची पाठ तीन पट्ट्यांची करा आणि स्क्रूने बसवा. मधली पट्टी काढून आणि लावून दोन्ही सूर स्वतः ऐका.

सिंदेवाहीकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. उत्सुकतेपोटी कॉलमही जोडून पाहिला, पण कान लावल्याशिवाय त्यातून आवाज येत नाही. तो बिघडला असावा का?

आर्वीचा वाचक

बिघडलेला नसावा. आत एक लहान ट्रान्सफॉर्मर दिसेल, कारण असे कॉलम १०० व्होल्टच्या लाइनवर चालतात. तो २० वॅटवर जोडलेला असेल, तर १०० चा वर्ग भागिले २०, म्हणजे ५०० ओहम अ‍ॅम्प्लिफायरसमोर उभे राहतात. ४ ओहमची सवय असलेला अ‍ॅम्प्लिफायर तिथे काय ढकलणार! तारा ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, थेट स्पीकरच्या बाजूला जोडा. मात्र आधी तिथला रोध मोजा आणि तो ३ ओहमच्या खाली असेल तर जोडू नका.

आणखी एक गोष्ट. अ‍ॅम्प्लिफायरपासून पेटीपर्यंत गिटारची कॉर्ड लावू नका, तिची आतली तार फार बारीक असते. विजेच्या दुकानातली दीड चौरस मिलिमीटरची दोन पदरी वायर घ्या आणि तिला पाव इंची जॅक लावा. दोन स्पीकर जोडणार असाल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून दोन्ही कोन एकाच दिशेला उडी मारतात का ते पाहा. उलटसुलट जोडले गेले, तर दोघांचा खर्ज एकमेकांना मारून टाकतो.

सिंदेवाहीकर

पंधरा दिवसांनी लिहितो आहे. पेटी सागवानाची झाली, पुढची फळी प्लायची आहे आणि सध्या एकच स्पीकर बसवला आहे. मधली पट्टी काढून वाजवल्यावर सुतारकाका रंधा खाली ठेवून ऐकत उभे राहिले. एकच अडचण उरली आहे. ‘ए’ सुराची मोकळी तार छेडली की पुढची लोखंडी जाळी खडखडते.

वडशाचा साउंडवाला

सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापून जाळीच्या चारही कडांखाली चिकटवा आणि स्क्रू एकदम न आवळता आळीपाळीने, समोरासमोरचे आवळा. उंदीर असतील तर उघड्या मधल्या पट्टीवरही तशीच जाळी लावून घ्या.