मदत हवी आहे: मे महिन्यात बॉल पायथन सांगलीहून नागपूरला कसा पाठवावा?

विश्रामबाग_सांगली (१० मे)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, पण कृपया मनापासून उत्तर द्या. माझ्याकडे दिवस थोडे आहेत.

माझ्या मुलाने चार वर्षांपूर्वी बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला बिनविषारी साप, पाळायला घेतला. माझं माहेर बत्तीस शिराळ्याजवळचं. नागपंचमीला पाटावर गंधाचा नाग काढून, लाह्या-दूध ठेवून पूजा करणाऱ्या घरातली मी, पण साप घरात राहायला आला म्हटल्यावर महिनाभर त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. नंतर मुलगा कॉलेजला गेला की पाणी बदलायला मीच जाऊ लागले. त्याचं नाव लाडू. घाबरला की डोकं आत घेऊन गच्च गोल होतो, म्हणून. साडेतीन फूट लांब, स्वयंपाकघरातल्या काट्यावर १४०० ग्रॅम भरतो. आजवर एकदाही चावलेला नाही.

मुलगा जानेवारीपासून नागपूरला नोकरीला आहे, लाडूचं सगळं मीच बघते. आता माझी मुलगी पुण्यात बाळंत होणार आहे. डॉक्टरांनी २८ मे तारीख दिली आहे, म्हणजे मला २२ तारखेला निघावंच लागेल, आणि पुढे दीड-दोन महिने मी तिकडेच. हे दिवसभर दुकानात असतात आणि लाडूला हात लावायला ते आजही तयार नाहीत. बाळंतिणीच्या घरी साप नेणं मला योग्य वाटत नाही. त्यामुळे तो मुलाकडे जाणं हाच मार्ग दिसतो.

पण ऊन बघताय ना. लाडूची खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. काल दुपारी अडीचला खोलीतला तापमानाचा काटा ३८ अंश दाखवत होता. गच्चीवर ओली पोती टाकली, खिडकीला वाळ्याचा पडदा लावला. वर जाऊन पाहते तर लाडू पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसलेला, फक्त नाकपुड्या पाण्याबाहेर. चार वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. मी तिथेच फरशीवर बसून राहिले, पंखा लावून.

एक ट्रॅव्हल्सवाला म्हणतो, खोकं द्या, डिकीत टाकतो, नागपुरात उतरवून घ्या. मुलगा म्हणतो, मी महाराष्ट्र एक्सप्रेसने येतो आणि बॅगेतून घेऊन जातो. कुणी म्हणतं बर्फ घाला, कुणी म्हणतं अजिबात घालू नका. शेवटचं खाणं ९ तारखेला झालंय, एक उंदीर. लाडूची नोंदणी मुलाने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर केलेली आहे, कागद घरात आहेत. तो एवढा प्रवास सोसेल का, आणि कसा पाठवू, ते सांगा.

कृष्णाकाठ

काकू, ट्रॅव्हल्सने बिनधास्त पाठवा. आमच्याकडे कोंबडीची एक दिवसाची पिल्लं भोकाच्या खोक्यातूनच येतात, काही होत नाही. वर दोरी बांधा, नाव-नंबर लिहा, झालं.

कराडचा_पालक

काकू, वरचा सल्ला कृपया ऐकू नका. कृष्णाकाठ, राग मानू नका, पण कोंबडीच्या पिल्लाच्या पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस काढतं. शिवाय पिल्लांची गाडी खास असते, ती ढाब्यावर तासभर उन्हात उभी करत नाहीत. ट्रॅव्हल्सच्या डिकीत एसीची हवा जात नाही. खाली तापलेला रस्ता, शेजारी इंजिन, आणि बस थांबली की आत वारा नाही. साप घाम गाळू शकत नाही, धापा टाकून अंग थंड करू शकत नाही. त्याला फक्त जागा बदलता येते, आणि खोक्यात तेवढंच करता येत नाही.

मी सहा वर्षं बॉल पायथन ठेवतोय. त्याला ऊबेच्या बाजूला ३१-३२ आणि थंड बाजूला २५-२७ अंश लागतात. ३५ च्या वर बराच वेळ राहिला तर धोका सुरू होतो, चाळिशीत तो मरू शकतो. आफ्रिकेतला प्राणी म्हणून ऊन सोसेल असं लोकांना वाटतं. पण तिथे तो दिवसा उंदरांच्या बिळात आणि वारुळात पडून असतो आणि रात्री बाहेर येतो. लाडू पाण्यात बसला तो याचसाठी. खोलीत त्याला थंड जागा उरली नव्हती. कधी अंगावर माइट, म्हणजे गोचिडीसारखे बारीक किडे, असले तरी ते पाण्यात बसतात, तेव्हा डोळ्यांच्या कडा आणि हनुवटीखाली एकदा नीट बघा. पण ३८ आकडा वाचल्यावर मला तरी उष्णताच वाटते.

म्हणून प्रवासाचं नंतर. आधी, आजच्या आज, लाडूला तळमजल्यावर आणा. देवघराजवळ, जिन्याखाली, जिथे दुपारी सर्वांत गार वाटतं तिथे. खालून हीट पॅड (ऊब देणारी गादी) चालू असेल तर तो थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद होणाऱ्या यंत्रावर, आहे का बघा. नसेल तर दिवसा बंदच ठेवा.

आता नागपूर. मे महिन्यात तिथे ४४-४५ अंश असतात. मुलाची भाड्याची खोली कशी आहे? एसी आहे की नुसता कूलर? तो दिवसभर ऑफिसात असताना बंद खोलीत किती होतं? हे मोजल्याशिवाय पाठवणं म्हणजे ३८ मधून काढून ४२ मध्ये टाकणं. सांगली ते नागपूर साडेसातशे किलोमीटर, रस्त्याने १४-१५ तास. रात्रभर चाललात तरी सकाळचे तास विदर्भाच्या उन्हात जाणार. मी माझा साप मे महिन्यात त्या रस्त्याला नेणार नाही. जूनमध्ये पाऊस पडल्यावर खुशाल न्या.

मधला महिना कुठे ठेवता येईल ते शोधा. साताऱ्यात, कराडात, कोल्हापुरात कुणी पाळणारे ओळखीचे आहेत का?

विश्रामबाग_सांगली

लाडूला खाली आणलं. जिन्याखालच्या कोपऱ्यात दुपारी ३१ च्या वर काटा गेला नाही. आज तो भांड्यातून बाहेर आला आणि आपल्या मडक्यात जाऊन बसला. किडे दिसले नाहीत. तुमचे किती आभार मानू.

मुलाला फोन केला. कूलरच आहे, आणि दुपारी खोलीत ४० होतं असं तोच म्हणाला. त्याने कधी मोजलं नव्हतं, मी विचारल्यावर घरमालकाकडचा काटा आणून लावला. त्याचा कॉलेजचा एक मित्र साताऱ्यात शाहूपुरीत राहतो, त्याच्याकडे कॉर्न स्नेक नावाचा परदेशी साप आहे. तो महिनाभर ठेवायला तयार आहे. जुनं घर, जाड भिंती. आता सातारापर्यंत कसं न्यायचं तेवढं सांगा.

वारणेचा_सर्पमित्र

ताई, आधी कागदाचं. आपल्याकडचा कुठलाही साप, म्हणजे नाग, धामण, अजगर, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी आहे, पण तो साईट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट २ मध्ये येतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांचीही नोंदणी लागते. तुमच्या मुलाने ती केलीय, हे फार चांगलं केलं. तिची प्रत आणि मुलाचं ओळखपत्र गाडीत हाताशी ठेवा. प्राणी महिनाभर दुसऱ्या पत्त्यावर राहणार आहे, हे वनविभागाच्या कार्यालयात लेखी देऊन पोच घ्या. नागपूरला कायमचा जाईल तेव्हाही कळवा.

हे इतकं सांगतोय कारण रस्त्यात कुणी खोकं उघडून पाहिलं तर लोकांना हा आपला अजगरच वाटतो. मग मला रात्री दोनला फोन येतात, आणि तोवर गर्दीने त्या जिवाचे हाल केलेले असतात. खोकं उघडं टाकू नका, कुणाला हौसेने दाखवू नका. रेल्वेत बॅगेतून नेण्याचा विचार तर सोडूनच द्या. शेजारच्या बाकावर लहान मुलं असतात, घबराट झाली तर जबाबदारी तुमच्यावर येईल. कुरिअर कंपन्या जिवंत प्राणी घेत नाहीत, त्यामुळे काहीतरी वेगळंच लिहून पार्सल देणं हा मार्ग मुळात नाहीच.

कराडचा_पालक

सातारा म्हणजे उत्तम. आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका आणि मग हायवे, सव्वाशे किलोमीटर. पहाटे साडेतीनला निघालात तर उजाडेपर्यंत पोचाल.

खोकं: मेडिकलच्या होलसेलवाल्याकडे लसींचे जाड थर्मोकोलचे डबे येतात, रिकामा मागून घ्या. तो पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवा. तासगावच्या द्राक्षाच्या पेट्या आपल्याकडे ढिगाने मिळतात, पण त्या वाऱ्यासाठी कापलेल्या असतात, ऊन अडवणार नाहीत. दोन बाजूंना पेन्सिलएवढी चार-चार भोकं पाडा. साप थेट डब्यात ठेवायचा नाही. जाडसर सुती उशीचा अभ्रा घ्या, तो उलटा करा म्हणजे शिवणीचे सुटे धागे बाहेर राहतील, नाहीतर ते खवल्यांत आणि शेपटीला अडकतात. साप आत सोडला की वरचं तोंड पिळून गाठ मारा. गाठ मारताना तो खाली आहे ना, हाताने चाचपून बघा. अभ्र्याच्या चारी बाजूंनी वर्तमानपत्राचे बोळे भरा, म्हणजे वळणावर तो आपटणार नाही. पाण्याची वाटी आत ठेवू नका, सांडली की ओल्या कापडात श्वास कोंडतो. निघायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत भरपूर पाणी समोर असू द्या.

बर्फाबद्दल दोन्ही बाजूंची माणसं अर्धी बरोबर आहेत. थर्मोकोल थंड करत नाही, आतलं तापमान बदलायला उशीर लावतो, इतकंच. फ्रीझरमधला बर्फाचा पॅक अंगाला लागला तर त्याला सर्दी होते आणि पायथनची सर्दी फुप्फुसात उतरते. लागलाच तर जेलचा पॅक खालच्या फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे, गार करा, वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्यांत गुंडाळा आणि झाकणाला आतून चिकटपट्टीने घट्ट बसवा. गार हवा खाली उतरते म्हणून तो वर. पहाटे एसी गाडीने जाणार असाल तर याची गरज पडणार नाही, पण गाडी बंद पडली तर म्हणून एक पॅक वेगळ्या पिशवीत ठेवा.

गाडी आधी दहा मिनिटं एसी लावून गार करा, मगच खोकं आत आणा. डिकीत नको. मागच्या सीटच्या पायाशी, जिथे थेट वारा लागत नाही. आणि चहाला थांबलात तरी एक माणूस गाडीत बसून राहील, एसी चालू ठेवून. उन्हात बंद गाडीच्या आत दहा मिनिटांत दहा अंश वाढतात.

अजून एक करा. वायर असलेला डिजिटल थर्मामीटर असेल तर त्याचं टोक डब्यात आणि पट्टी बाहेर ठेवा. दोन दिवस आधी सापाऐवजी अभ्र्यात पाण्याची बाटली घालून दुपारी तीन-चार तास डबा घरात बंद ठेवा आणि दर अर्ध्या तासाला आकडा लिहा. खोकं कसं वागतं ते कळेल, तुमची भीतीही जाईल.

९ ला खाल्लंय, तर १७ च्या आधी हलवू नका. पोटात उंदीर असताना प्रवास झाला तर तो ओकतो, आणि सापाला एकदा ओकणंसुद्धा फार महागात पडतं.

गुरांचा_डॉक्टर

बाकी सगळं बरोबर आलंय. फक्त लक्षणं सांगतो. तोंड उघडं ठेवून श्वास, एकसारखी धडपड, आणि मग अचानक सैल पडणं, उताणा केला तर सरळ न होणं. असं दिसलं तर सावलीत घ्या, साध्या पाण्याने भिजवलेल्या कापडात ठेवा आणि परदेशी प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याला फोन करा. बर्फाचं पाणी ओतू नका. पशुवैद्याचा नंबर निघायच्या आधीच जवळ असू द्या.

विश्रामबाग_सांगली (१६ मे)

बाटलीचा प्रयोग केला. दुपारी १२ ला डब्यात २७.५ होतं, ४ ला ३०. खोलीत त्या वेळी ३६ होतं. आकडे वहीत लिहिले आहेत. अभ्रा उलटा करायचं मला सुचलंच नसतं. वनविभागात अर्ज दिला, शिक्क्याची पोच मिळाली. तिथल्या साहेबांनी नीट विचारून घेतलं.

विश्रामबाग_सांगली (२० मे)

पोचला.

मुलगा दोन दिवसांची रजा काढून आला. काल पहाटे ३:४० ला निघालो. लाडूला अभ्र्यात ठेवताना माझ्याच मनगटाला त्याने विळखा घातला होता, तो सोडवायला पाच मिनिटं लागली. मुलगा म्हणाला, घाई करू नकोस, तो आपणहून सोडेल. आणि सोडला त्याने. निघताना डब्यात २६.८. पेठ नाक्याला २६.५. तासवडे टोलला रांग होती तेव्हा माझा जीव खालीवर होत होता, पण आकडा हलला नाही. ६:१० ला शाहूपुरीत, २६.९. मी पूर्ण रस्ता मागे खोक्यापाशी बसले होते, एक हात झाकणावर.

मित्राने त्याची टाकी आधीच लावून ठेवली होती. घरातलं त्याचं मडकं आणि पाण्याचं भांडं मी बरोबर नेलं होतं. अभ्रा टाकीतच उघडून ठेवला. वीस मिनिटांनी डोकं बाहेर आलं, जीभ दोन-तीनदा बाहेर आली, मग सावकाश सरकत तो मडक्यात गेला. मित्राला सांगून आले आहे की पाच दिवस हात लावू नकोस, आठवडाभर खायला देऊ नकोस.

कराडचा_पालक

फार बरं वाटलं वाचून. नव्या जागी एक-दोन वेळा त्याने उंदीर नाकारला तर घाबरू नका, मोठा बॉल पायथन कित्येक आठवडे न खाता राहतो. पंधरा दिवसांनी वजन करायला सांगा. १४०० चं १२५० च्या खाली गेलं तरच डॉक्टर. मुलाला म्हणावं नागपूरच्या खोलीतला काटा तसाच लावून ठेव, आणि दुपारचा आकडा सलग आठवडाभर ३२ च्या आत आला की मला कळव. मग पुढच्या प्रवासाचं बघू.

विश्रामबाग_सांगली

कळवते. आता पुण्याची बॅग भरायला घेते. आज सकाळी मित्राने फोटो पाठवला, मडक्यातून नुसतं नाक दिसतंय.