कुठलं लिनक्स टाकू: डेबियन, फेडोरा की टंबलवीड? इतकी वर्षं वापरून पण ठरत नाहीये

जुना_पेंग्विन:
मंडळी, २००९ पासून लिनक्सवरच आहे त्यामुळे नवशिक्यांना सांगतात तसं 'मिंट टाक' प्लीज सांगू नका. चार वर्षं एक रोलिंग डिस्ट्रो (सतत नवे अपडेट येत राहणारं लिनक्स) वापरली, मजा आली, पण परवा क्लायंटच्या कॉलच्या दहा मिनिटं आधी हौसेने अपडेट मारला आणि रीबूट केल्यावर काळी स्क्रीन, नुसता कर्सर लुकलुकतोय. चूक माझीच, पण आता वय झालं राव. थिंकपॅड, एएमडी ग्राफिक्स, काम पायथन आणि कंटेनरचं (बाकी सिस्टमपासून वेगळ्या डब्यात सॉफ्टवेअर चालवायचं). काय टाकू?

खटपट्या:
डेबियन १३, डोळे झाकून. ऑगस्ट २०२५ ला आलंय, कर्नल (सिस्टमचा गाभा) ६.१२, एलटीएस म्हणजे लांब मुदतीचा सपोर्ट धरून पाच वर्षं बघायला नको. नवीन पायथन हवं तर डिस्ट्रोबॉक्समधे (कंटेनरमधे दुसरी डिस्ट्रो चालवायचं टूल) घ्या, बेस सिस्टमला हात लावायचा नाही.

कमांडलाईन_काका:
फेडोराचं एक व्हर्जन साधारण १३ महिनेच चालतं, वर्षातून एकदा तरी अपग्रेड आलंच. पण तुमचा प्रॉब्लेम रोलिंगचा नाहीच हो, स्नॅपशॉट (सिस्टमची त्या क्षणाची जपलेली स्थिती) नसण्याचा आहे. टंबलवीड पण रोलिंगच, पण त्यात बीटीआरएफएस ही फाईलसिस्टम आणि स्नॅपशॉट सांभाळणारं स्नॅपर पहिल्यापासून सेट असतं, प्रत्येक अपडेटच्या आधी-नंतर आपोआप स्नॅपशॉट, बोंबललं तर बूट मेनूतून जुना उचला, रोलबॅक (मागच्या स्थितीला परत), रीबूट, चहा उकळेपर्यंत परत कामावर.

जुना_पेंग्विन:
आयला, बीटीआरएफएस होतं माझ्याकडे पण स्नॅपर लावायचा कंटाळा केला. डेबियन टाकतो, आणि एक जुनी एसएसडी पडलीये तिच्यावर टंबलवीड.

खटपट्या:
म्हणजे परत दोन. सुधारणार नाही तुम्ही 😄