फर-व्यापाऱ्यांच्या रोजनिश्या: पुढे काय वाचू?

रानवाट: डॅनियल हार्मनची रोजनिशी महिनाभर वाचतोय. अमेरिकेतल्या व्हरमाँटचा हा पोरगा १८०० साली फरचा, म्हणजे केसाळ कातड्यांचा, व्यापार करणाऱ्या नॉर्थ वेस्ट कंपनीत लागला आणि थेट कॅनडाच्या रानात. हिवाळाभर काम बेताचंच, म्हणून पुस्तकं वाचत बसतो. १८०५ मध्ये लिझेट या मेटी (म्हणजे युरोपीय आणि तिथले मूळ रहिवासी अशा मिश्र वंशाच्या) मुलीशी संसार मांडला, तेव्हा मनात हिशेब असा की परत जाताना तिला मागे ठेवायचं. (वाचताना राग आला मला.) पण चौदा वर्षांनी पाय निघेना. मेलेल्या लेकरांसाठी दोघं एकत्र रडलो, आता हिला सोडून कसा जाऊ, असं लिहितो. त्या पानावर पुस्तक मिटून बसलो. मात्र मध्येमध्ये प्रवचन सुरू होतं, त्याचा कंटाळा येतो. तुम्ही काय सुचवाल?

मोडीवेडा: प्रवचन सगळं त्याचं नाही हो! १८२० ची छापील आवृत्ती हॅस्केल नावाच्या पाद्र्याने संपादित केली, बरीच भाषा त्याचीच. पुढे त्याच कंपनीचा अलेक्झांडर मॅकेन्झी घ्या. १७९३ मध्ये पॅसिफिक गाठून शेंदरी रंगात चरबी कालवून खडकावर नाव-तारीख लिहिणारा.

कावेरी_टोरांटो: मला हडसन्स बे कंपनी या दुसऱ्या फर-कंपनीच्या ठाण्यांच्या रोजवह्या आवडतात. आज वारा कुठला, कोण आलं, किती कातडी आणली, बस्स. मूळ कागद इथे कॅनडात विनिपेगला आहेत. सगळ्या मालाची किंमत बीव्हर या पाण्यात राहणाऱ्या केसाळ प्राण्याच्या कातड्यांत मोजायचे, हे आधी समजून घ्या, नाहीतर आकडे डोक्यावरून जातात.

रानवाट: हॅस्केलचं माहीत नव्हतं! म्हणजे ते रडण्याचं पानही त्याने सजवलं असेल का?